‘डॉक्टर इन द हाऊस’ कसा पाहावा आणि कसा दाखवावा

‘डॉक्टर इन द हाऊस’ हा ब्रिटिश चित्रपट मार्च १९५४ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्या वर्षी ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांत सर्वाधिक गर्दी त्यानेच खेचली. लंडनमधल्या सेंट स्विदिन्स नावाच्या काल्पनिक रुग्णालयात डॉक्टरकी शिकायला आलेल्या सायमन स्पॅरो या सरळमार्गी तरुणाची आणि त्याच्या तीन मित्रांची ही पाच वर्षांची गोष्ट आहे. आज आपल्याकडे हा चित्रपट प्रथमच पाहणाऱ्याला तो बहुधा नुसताच गोड आणि जुनापुराणा वाटतो. याला चित्रपटापेक्षा पूर्वतयारीचा अभाव अधिक कारणीभूत आहे, असे माझे मत आहे. यातला सगळा विनोद रुग्णालयातल्या अधिकाराच्या उतरंडीवर उभा आहे. कोण कोणाला घाबरतो, कोणी कोणाशी आपणहून बोलायचे नाही आणि या सगळ्यात खाटेवर पडलेल्या रुग्णाला काय स्थान आहे, हे ध्यानात आले की साधी वाटणारी दृश्येही एकदम बोलू लागतात. पुढचे मार्गदर्शन एकट्याने चित्रपट पाहणाऱ्यासाठी आहे. त्याचप्रमाणे घरच्यांना, चित्रपट मंडळाच्या सभासदांना किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांना तो दाखवू इच्छिणाऱ्यालाही त्याचा उपयोग व्हावा.

योग्य प्रत आणि उपशीर्षके

पहिली काळजी नावाची घ्यावी. याच नावाची एक दूरचित्रवाणी मालिका लंडन वीकेंड टेलिव्हिजनने १९६९ मध्ये सुरू केली होती आणि शोध घेताना पुष्कळदा तीच हाती लागते. ती मालिका वेगळी, तिची पात्रे वेगळी. आपल्याला हवा आहे तो राल्फ थॉमस यांनी दिग्दर्शित केलेला, बेट्टी बॉक्स यांनी निर्माण केलेला आणि डर्क बोगार्ड प्रमुख भूमिकेत असलेला रंगीत चित्रपट, ज्याची लांबी सुमारे दीड तास आहे. शक्यतो रँक या चित्रपट कंपनीच्या मूळ मुद्रणावरून स्वच्छ केलेली प्रत मिळवावी, कारण जुन्या, फिकट झालेल्या प्रतींत चेहऱ्यावरचे बारीक भाव दिसत नाहीत आणि या चित्रपटातला निम्मा विनोद बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडतो.

इंग्रजी कितीही चांगले असले तरी इंग्रजी उपशीर्षके लावूनच चित्रपट पाहावा, असा माझा आग्रह आहे. प्राध्यापकांचे घोळदार उच्चार, सायमनचा मित्र टॅफी इव्हान्स याची वेल्श धाटणी आणि वॉर्डातल्या रुग्णांची सामान्य लंडनकरांची बोली यांत सामाजिक दर्जाचे भेद भरलेले आहेत, आणि ते कानाने टिपताना शब्द निसटतात. उपशीर्षकांमुळे शब्दांची चिंता राहत नाही आणि कान सूर ऐकायला मोकळे होतात. चित्रपट मध्येच थांबवून अर्थ सांगत बसण्याचा मोह मात्र टाळावा. त्याची लय झपाट्याची आहे आणि ती एकदा तुटली की पुन्हा जुळत नाही. जे सांगायचे ते सुरुवातीच्या दहा मिनिटांत सांगून घ्यावे.

सुरुवातीला सांगण्याच्या गोष्टी

ब्रिटनमधली सार्वजनिक आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. म्हणजे चित्रपट आला तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची होती. तिच्यापूर्वी लंडनमधली मोठी शिक्षण-रुग्णालये धर्मादाय देणग्यांवर चालत. तिथले वरिष्ठ डॉक्टर रुग्णालयाकडून पगार न घेता मानद सेवा देत आणि आपली कमाई खासगी रुग्णांकडून करीत. मुंबईतल्या रुग्णालयांतही ‘ऑनररी’ हा शब्द कितीतरी वर्षे रुळलेला होता, तो याच परंपरेतून आलेला. जो माणूस रुग्णालयाकडून काही घेत नाही आणि तरीही रोज येऊन शस्त्रक्रिया करतो, शिकवतो, त्याला तिथे राजासारखे वागता येत असे. १९४८ नंतर या वरिष्ठांना सरकारी वेतन मिळू लागले, तरी त्यांची ऐट तशीच राहिली. चित्रपटातले वरिष्ठ शल्यविशारद सर लॅन्सलॉट स्प्रॅट हे या पिढीचे प्रतिनिधी आहेत. ते वॉर्डात शिरतात तेव्हा त्यांची चाल मालकाची असते, आणि ती तशी का असते हे प्रेक्षकाला आधी सांगितले तर त्याला त्यांचा आरडाओरडा निव्वळ विक्षिप्तपणा वाटणार नाही.

या वरिष्ठांच्या खाली निवासी डॉक्टरांच्या पायऱ्या, त्यांच्या खाली हाउसमन म्हणजे नुकतेच पदवीधर झालेले डॉक्टर आणि सर्वांत तळाला विद्यार्थी. परिचारिकांची उतरंड याला समांतर चालते. तिच्या माथ्यावर मेट्रन, प्रत्येक वॉर्डावर एक सिस्टर आणि खाली शिकाऊ परिचारिका. वॉर्डात सिस्टरचा शब्द चालतो आणि विद्यार्थ्याने तिला दुखावले तर त्याची धडगत नसते. परिचारिकांच्या वसतिगृहाला रात्री ठरावीक वेळी कुलूप लागते, ही एक गोष्ट तर अगदी लक्षात ठेवायला सांगावी, कारण सायमनच्या आयुष्यातले मोठे संकट त्या कुलपातूनच उद्भवते. महाराष्ट्रातल्या ज्यांनी कोणत्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात काही वर्षे काढली आहेत, त्यांना यातले फारसे काही समजावून सांगावे लागणार नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू आहे आणि तिथे रुजलेली राउंड, युनिट, सिस्टर, मेट्रन, व्हायवा, लाँग केस, शॉर्ट केस ही सारी व्यवस्था ब्रिटिश घडणीची आहे. अशा प्रेक्षकाला पडद्यावर आपलेच कॉलेज थंड हवेत, टाय लावून उभे असल्याचे दिसते.

आणखी एक लहानसा खुलासा उपशीर्षकांसाठी लागतो. ब्रिटनमध्ये शल्यविशारदाला डॉक्टर न म्हणता ‘मिस्टर’ म्हणतात. १५४० मध्ये न्हावी आणि शल्यकर्मी यांचा एकच संघ बांधला गेला होता, तो १७४५ मध्ये फुटला. पदवीधर वैद्यांपेक्षा वेगळी अशी ही संबोधनाची रीत त्या काळापासून टिकली आणि पुढे ती अभिमानाची खूण झाली. ‘मिस्टर’ ऐकून हा डॉक्टर नाही, असा समज कोणी करून घेऊ नये.

काळाचेही भान द्यावे. ब्रिटनमधले अन्नधान्याचे रेशनिंग जुलै १९५४ मध्ये संपले, म्हणजे हा चित्रपट लागला तेव्हा मांस अजून शिधापत्रिकेवर मिळत होते. युद्धाने आणि टंचाईने दमलेल्या लोकांना रंगीत पडद्यावर खेळकर, निरोगी, बेफिकीर तरुण पाहायला मिळाले, हे त्याच्या प्रचंड यशामागचे एक कारण असावे.

वॉर्डातला राउंड

संपूर्ण चित्रपटात एकच दृश्य निवडायचे असेल तर सर लॅन्सलॉट यांचा राउंड निवडावा. माझ्या मते चित्रपटाचा गाभा तिथे आहे, आणि म्हणूनच हे दृश्य पूर्ण चित्रपट पाहून झाल्यावर पुन्हा लावून, दर खेपेला वेगळ्या व्यक्तीकडे लक्ष देऊन पाहावे.

पहिल्या खेपेला सर लॅन्सलॉट झालेल्या जेम्स रॉबर्टसन जस्टिस यांच्याकडे पाहावे. दाढीधारी, धिप्पाड, खर्जातल्या आवाजाचे हे गृहस्थ शिष्यांच्या घोळक्यासह खाटेपाशी येतात आणि रुग्णाच्या पोटातली गाठ तपासायला एका विद्यार्थ्याला पुढे बोलावतात. विद्यार्थी घाबरून पोट जोरात दाबू लागतो, तेव्हा ते त्याच्यावर खेकसतात की हलक्या हाताने कर, तू इथे पाव मळत नाहीस. मग छेद किती मोठा घ्यायचा हा प्रश्न निघतो. विद्यार्थी संकोचून लहानसा छेद सुचवतो आणि सर लॅन्सलॉट ती कल्पना धुडकावून लावतात. कुलपाच्या भोकातून शस्त्रक्रिया करणे त्यांना मुळीच मान्य नाही, आत काही दिसायला तर हवे, असे म्हणत ते पोटावर लांबलचक रेघ ओढतात. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीही होत असल्यामुळे या संवादाला १९५४ च्या प्रेक्षकाला न दिसलेला एक नवा पदर आला आहे. त्या काळी मात्र मोठा छेद घेण्याला सबळ कारण होते. आतली नेमकी स्थिती आधी दाखवणारी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनसारखी साधने तेव्हा नव्हती आणि पोट उघडून पाहणे हीच खरी तपासणी असे.

याच राउंडमध्ये चित्रपटातला सर्वांत गाजलेला विनोद येतो आणि तो मराठी प्रेक्षकाला आधीच उलगडून सांगणे भाग आहे, नाहीतर सभागृह हसत असताना तो गोंधळून बसेल. शस्त्रक्रियेपूर्वी आपल्याकडे रक्ताच्या ज्या तपासण्या लिहून देतात, त्यांत ‘बीटी-सीटी’ असते. त्यातले बीटी म्हणजे ब्लीडिंग टाइम. कानाच्या पाळीला किंवा हाताला बारीक टोच मारून, दर अर्ध्या मिनिटाने टिपकागदाने रक्त टिपत, ते थांबायला किती वेळ लागतो हे त्यात मोजतात. निरोगी माणसात तो काही मिनिटांचा असतो. सर लॅन्सलॉट एका लक्ष नसलेल्या विद्यार्थ्याला दरडावून ‘ब्लीडिंग टाइम’ किती, असे विचारतात. पण ब्लीडिंग हा सामान्य ब्रिटिश बोलण्यातला एक सौम्य शिवीवजा शब्दही आहे. बिचारा विद्यार्थी समजतो की सरांनी चिडून वेळ विचारली आणि घड्याळात पाहून, दहा वाजून दहा मिनिटे झाली, असे उत्तर देतो. हा खुलासा एका वाक्यात करावा आणि पुढे जावे. बीटी-सीटी हा शब्द ज्याने आपल्या घरातल्या कोणाच्या तरी तपासणीच्या कागदावर वाचला आहे, त्याला तो लगेच कळतो.

दुसऱ्या खेपेला विद्यार्थ्यांकडे पाहावे. कोण मागे सरकतो, कोण दुसऱ्याच्या खांद्याआड लपतो, कोण उत्तर ठाऊक असूनही गप्प बसतो हे सगळे चौकटीच्या कडांना चालू असते. अपमानाच्या धाकाने शिकवण्याची ही पद्धत किती खोलवर रुजलेली होती, ते त्या कडांवरून समजते. एखादा प्रश्न स्वतःवर आला नाही याचे समाधान मुलांच्या चेहऱ्यावर उत्तर शिकल्याच्या समाधानापेक्षा मोठे दिसते.

तिसऱ्या खेपेला फक्त रुग्णाकडे पाहावे. त्याच्या पोटावर रेघा ओढल्या जात आहेत, त्याला कापण्याची चर्चा त्याच्या डोक्यावरून चालली आहे आणि तो कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत कासावीस होतो. तेव्हा सर लॅन्सलॉट त्याला धीर देतात तो असा, की काळजी करू नकोस, याच्याशी तुझा काही संबंध नाही. सभागृहात इथे हमखास हशा पिकतो. पण रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहत असलेल्या प्रेक्षकाला त्या वाक्याची धार वेगळी लागते. पटकथा लिहिणारे निकोलस फिप्स आणि मूळ कादंबरीचे लेखक रिचर्ड गॉर्डन यांनी ते वाक्य इतक्या सहज टाकले आहे की त्यामागे खरा अनुभव असावा, याबद्दल मला शंका वाटत नाही. रिचर्ड गॉर्डन हे टोपणनाव. त्यांचे खरे नाव गॉर्डन ऑस्टलेअर. ते स्वतः भूलतज्ज्ञ होते, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकले होते आणि १९५२ मध्ये, ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच वर्षी, त्यांनी लेखनासाठी वैद्यकी सोडली. असे राउंड त्यांनी खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ऐकलेले होते.

चौघे मित्र आणि अभिनयाची पद्धत

डर्क बोगार्ड यांनी १९५० मध्ये ‘द ब्लू लॅम्प’ या चित्रपटात पोलिसाला गोळी घालणारा तरुण गुन्हेगार रंगवला होता आणि त्या छापाच्या भूमिकांशी त्यांचे नाव जोडले गेले होते. त्यांना हलक्याफुलक्या चित्रपटाचा नायक करणे हे धाडसच होते. ते धाडस कसे जमले हे पाहायचे असेल तर बोगार्ड बोलत नसतानाच्या जागा पाहाव्यात. सायमन हा विनोद करणारा नाही. त्याच्या अवतीभवती विनोद घडतो आणि तो विस्मयाने, लाजेने, कधी भीतीने तो सोसतो. या एका संयमित अभिनयामुळे बाकीच्या तिघांना मोकळे रान मिळते. या भूमिकेनंतर ते १९५० च्या दशकातले ब्रिटनचे सर्वांत लोकप्रिय नट झाले.

ग्रिम्सडाइक झालेले केनेथ मोर यांच्याकडे मात्र प्रत्येक दृश्यात लक्ष ठेवावे. ग्रिम्सडाइकच्या आजीने मृत्युपत्रात अशी तरतूद केली आहे की जोवर तो वैद्यकीय विद्यार्थी आहे तोवर त्याला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळत राहील. मग पास कशाला व्हायचे? तो वर्षानुवर्षे ठरवून नापास होतो आणि सुखाने राहतो. आता त्याच्या प्रेयसीला हे पसंत नाही आणि तिथून त्याची खरी परीक्षा सुरू होते. मोर यांचा स्वर संपूर्ण चित्रपटात एकदाही चढत नाही, आणि या कामासाठी त्यांना ब्रिटिश फिल्म अकादमीचा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. डोनाल्ड सिंडेन यांचा बेन्स्किन हा मुलींच्या मागे धावणारा, आणि डोनाल्ड ह्यूस्टन यांचा टॅफी हा रग्बीवर जीव असलेला. या दोघांबद्दल जास्त सांगण्याची गरज नाही, ते पडद्यावर येताच कळतात. के केंडल यांची भूमिका लहान आहे, पण त्या असतात तितका वेळ बाकी कोणाकडे पाहणे कठीण जाते.

विद्यार्थी म्हणून हे नट फार थोराड दिसतात, हा आक्षेप हमखास येतो. बोगार्ड तेव्हा तिशी ओलांडलेले होते आणि मोर चाळिशीला टेकले होते, हे खरे आहे. त्यावर असे सांगता येते की युद्धानंतर सैन्यातून परतलेले पुष्कळ तरुण उशिरा वैद्यकीय शिक्षणाला लागले होते, त्यामुळे वर्गात मोठ्या वयाची मंडळी असणे त्या प्रेक्षकांना नवे नव्हते.

रग्बी सामना आणि रुग्णालयाच्या मानचिन्हाची (मॅस्कॉटची) पळवापळवी हा भाग आपल्याकडच्या प्रेक्षकाला उगीचचा धांगडधिंगा वाटण्याची शक्यता असते, म्हणून त्याची पार्श्वभूमी द्यावी. लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांतली रग्बी स्पर्धा १८७५ पासून खेळली जाते आणि ती जगातली सर्वांत जुनी रग्बी चषक स्पर्धा मानतात. मानचिन्हे पळवण्याचा प्रकारही खराच होता. सेंट स्विदिन्सचा दर्शनी भाग म्हणून पडद्यावर जी भव्य इमारत दिसते, ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनची आहे, आणि त्याच कॉलेजचे मानचिन्ह म्हणजे फिनियस नावाचा एक लाकडी स्कॉटिश पुतळा, जो मुळात एका तंबाखूच्या दुकानाबाहेर उभा होता आणि जो किंग्ज कॉलेजची मुले संधी मिळताच पळवून नेत. पडद्यावरचा पाठलाग पाहताना ही खरी चढाओढ मनात असली की तो भाग कंटाळवाणा होत नाही.

प्रसूतीच्या दृश्याआधी मात्र कोणालाही काही सांगू नये. त्या काळी लंडनचे वैद्यकीय विद्यार्थी वस्तीतल्या घरी जाऊन बाळंतपणे करीत आणि सायमनवरही ती पाळी येते. आतापर्यंत धावणारा चित्रपट इथे संथ होतो, संगीत मागे सरते आणि एका सामान्य घरातल्या खोलीत सायमन पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर डॉक्टर होतो. दिग्दर्शकाने हा बदल फार हळुवारपणे केला आहे. दाखवणाऱ्याने या वेळी शेजाऱ्याशी कुजबुजणेसुद्धा टाळावे.

जे आज खटकते

परिचारिका आणि इतर मुली यांच्याकडे पाहण्याची या चित्रपटाची दृष्टी आज खटकते आणि ती खटकली पाहिजे. म्युरिएल पॅवलो यांनी साकारलेली जॉय ही परिचारिका समजूतदार आहे, पण बहुतेक वेळा स्त्री इथे पुरुष विद्यार्थ्याच्या पराक्रमाचे निमित्त म्हणून येते. ‘तो काळच तसा होता’ असे म्हणून हा विषय गुंडाळून ठेवू नये. विद्यार्थ्यांच्या घोळक्यात स्त्रिया का दिसत नाहीत, याला ठोस कारणे आहेत आणि ती सांगावीत. लंडनमधल्या कित्येक जुन्या रुग्णालयांच्या वैद्यकीय शाळांनी मुलींना दारे बंद ठेवली होती. १९४४ मध्ये गुडइनफ समितीने मुलींना प्रवेश देणाऱ्या शाळांनाच सरकारी अनुदान मिळावे अशी शिफारस केली, तेव्हा कुठे ही स्थिती हलली. गॉर्डन ज्या सेंट बार्थोलोम्यूमध्ये शिकले, तिथे मुलींना १९४७ मध्ये प्रवेश मिळाला.

मराठी प्रेक्षकांपुढे बोलताना इथे रखमाबाईंचे नाव घेणे मला अगत्याचे वाटते. लादलेल्या बालविवाहाविरुद्ध मुंबईच्या न्यायालयात झुंज दिलेल्या रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पण त्या शिकल्या ते स्त्रियांसाठी १८७४ मध्ये वेगळ्या काढलेल्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या शाळेत, कारण सेंट स्विदिन्ससारख्या शाळांच्या फाटकातून त्यांना आत जाता आले नसते. सायमन ज्या फाटकातून पहिल्या दिवशी बावरलेला आत शिरतो, ते पाहताना हे आठवले तर दृश्याचा तोटा होत नाही. उलट ते अधिक नीट दिसते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना दाखवताना

२०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ नावाचा स्वतंत्र भाग आहे. त्याच्या तासाला हा चित्रपट, निदान त्यातला राउंड, दाखवण्यासारखा आहे. रुग्णाशी कसे बोलावे यावरचे व्याख्यान मुले विसरतात, पण तो कासावीस चेहरा विसरत नाहीत.

संपूर्ण चित्रपट आधी दाखवावा आणि पुरेसे हसू द्यावे. त्यानंतर राउंडचे दृश्य पुन्हा लावावे आणि प्रत्येकाला एका कागदावर एवढेच लिहायला सांगावे की या पाच मिनिटांत त्या रुग्णाला स्वतःच्या आजाराबद्दल काय समजले. कागद गोळा करून मोठ्याने वाचले की चर्चा आपोआप उभी राहते. मग तीन-चार विद्यार्थ्यांना तोच राउंड आपल्या वॉर्डात, आपल्या भाषेत करून दाखवायला सांगावे. स्वतःचे नाव सांगणे, पोटाला हात लावण्यापूर्वी विचारणे, गाठ म्हणजे काय आणि ऑपरेशन कशासाठी हे मराठीत समजावणे, रुग्णाला प्रश्न विचारायला वेळ देणे, हे सगळे करायला मूळ दृश्यापेक्षा फक्त थोडा जास्त वेळ लागतो, हे मुलांना करून पाहिल्यावर पटते. रुग्णाची संमती ही माहिती देऊन, समजावून घेतलेली असली पाहिजे, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. त्याचा उल्लेख याच ठिकाणी करावा म्हणजे कायद्याचे कलम कोरडे राहत नाही.

सर लॅन्सलॉट यांच्याबद्दल मुलांची मते नेहमी विभागलेली असतात आणि ती तशीच राहू द्यावीत. पुढे सायमनवर रुग्णालयातून काढून टाकले जाण्याची वेळ येते, तेव्हा अधिष्ठात्यांपुढे त्याची बाजू लावून धरणारे हेच सर लॅन्सलॉट असतात, आणि त्यामुळे प्रेक्षक त्यांचे सगळे माफ करून टाकतात. मला हे तितकेसे मान्य नाही. शिष्यावर माया असणे आणि त्याला सर्वांसमोर लाजवणे या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, पहिलीमुळे दुसरी योग्य ठरत नाही, आणि आपल्या महाविद्यालयांत दुसरी गोष्ट अजून शिस्त म्हणून खपवली जाते. शिकवणाऱ्याने हे मत लादू नये, परंतु कोणी विचारले तर ते लपवूही नये.

यानंतर काय पाहावे

या मालिकेत एकूण सात चित्रपट निघाले, पण सगळे पाहण्याची घाई करू नये. ‘डॉक्टर ॲट सी’ (१९५५) मध्ये सायमन जहाजावर डॉक्टर म्हणून जातो. त्यात ब्रिजित बार्दो आहेत आणि जेम्स रॉबर्टसन जस्टिस या वेळी जहाजाचे कप्तान झाले आहेत. तो मजेचा आहे, पण रुग्णालय नसल्यामुळे ती उतरंडही नाही. माझा सल्ला असा की ‘डॉक्टर इन द हाऊस’नंतर सरळ ‘डॉक्टर ॲट लार्ज’ (१९५७) पाहावा, कारण त्यात पदवी मिळवलेला सायमन नोकरीसाठी दारोदार फिरतो आणि वेगवेगळ्या दवाखान्यांतली वैद्यकी आतून दिसते. बोगार्ड यांनी सायमनची भूमिका शेवटची केली ती ‘डॉक्टर इन डिस्ट्रेस’ (१९६३) मध्ये. त्यानंतरचे चित्रपट वेगळ्या नटांचे आणि बरेच स्थूल विनोदाचे आहेत.

सुरुवातीला जी बाजूला ठेवायला सांगितली, ती १९६९ ची मालिका या टप्प्यावर जरूर पाहावी. तिच्या लेखकांत जॉन क्लीज यांच्याबरोबर ग्रॅहम चॅपमन होते आणि ग्रीम गार्डनही होते. यांपैकी चॅपमन आणि गार्डन दोघेही वैद्यकीचे रीतसर शिक्षण घेतलेले, आणि चॅपमन तर गॉर्डन यांच्याच सेंट बार्थोलोम्यूमध्ये शिकलेले. चित्रपटातला राउंड ताजा असतानाच तिचे पहिले दोन-तीन भाग लावले, तर पंधरा वर्षांत विद्यार्थ्यांचा धाक किती कमी झाला आणि वरिष्ठांचा आवाज किती खाली आला, हे दोन्ही शेजारी ठेवून तपासता येते.